पुडीतलं औषध खरं कोणतं?

अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात १९०७ साली नाशकात झाली. ती करणारे शंकर दाजीशास्त्री पदे तेव्हा चाळिशीचे होते आणि त्यानंतर जेमतेम दोन वर्षं जगले. १८६७ ते १९०९ एवढंच त्यांचं आयुष्य. नाशिकच्या इतिहासात रामकुंड आहे, कुंभमेळा आहे, १९०९ सालचा कलेक्टर जॅक्सनचा वध आहे. वैद्यांच्या या मेळाव्याची आठवण मात्र आयुर्वेदाच्या वर्तुळाबाहेर फारशी कुणाला नसते. ज्यांना असते, तेही पदेशास्त्र्यांना ओळखतात ते संघटक म्हणून. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ नावाचा अनेक भागांचा ग्रंथ लिहिला. एकेक वनस्पती घ्यायची, तिची निरनिराळ्या भाषांतली नावं द्यायची, गुण सांगायचे, कुठल्या दुखण्यावर कशी वापरतात ते लिहायचं, असं ते चिकाटीचं काम.

वैद्यांची देशव्यापी संघटना उभारायला निघालेला माणूस झाडांच्या नावांपाशी इतका का थांबतो? कारण वैद्याची सगळी विद्या शेवटी एका पुडीवर उभी असते. रोगाचं निदान अचूक असेल, ग्रंथातला पाठ तोंडपाठ असेल, पण पुडीत आलेली साल भलत्याच झाडाची असेल तर सगळं व्यर्थ. झाड असतं डोंगरात आणि औषध लागतं शहरात. मधल्या वाटेवर पान गळतं, फूल कोमेजतं, खोड कापलं जातं, मुळी वाळते, आणि दुकानात येतं ते एक करड्या रंगाचं लाकूड. त्याच्याकडे पाहून दोन प्रश्न विचारावे लागतात. हे तेच आहे का? आणि यात आहे तरी काय? पहिल्या प्रश्नामागे जो लागला तो वनस्पतिशास्त्रात शिरला. दुसऱ्यामागे लागलेला रसायनशास्त्रात. ही दोन शास्त्रं विद्यापीठांत मोठी झाली हे खरं, पण त्यांचं बालपण औषधांच्या दुकानात गेलं. आपल्या मुलखातही ते तसंच गेलं, आणि हेच मला सांगायचं आहे.

युरोपातली उदाहरणं पाठ्यपुस्तकांतून आपल्या ओळखीची आहेत, फक्त ती माणसं औषधविक्रेते होती हे पुस्तक सांगत नाही. ऑक्सिजन आणि क्लोरिन हाती लागलेला कार्ल शील स्वीडनमधल्या एका लहान गावात औषधांचं दुकान चालवत होता. युरेनियम ओळखणारा क्लाप्रोट, ब्रोमिन शोधणारा बालार, हे दोघेही त्याच धंद्यात तयार झालेले. अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं ते १८०४-०५च्या सुमारास, सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन दुकानातल्या विशीतल्या मदतनिसाने. निसर्गाच्या अभ्यासातही हीच मंडळी. लंडनचा जेम्स पेटिव्हर हा औषधविक्रेता जहाजांवरच्या डॉक्टरांना आणि खलाशांना सूचना देऊन जगभरातून वाळलेली झाडं, किडे, शिंपले मागवत असे. मद्रासहून ईस्ट इंडिया कंपनीच्या एका शल्यवैद्याने पाठवलेल्या वनस्पतींची वर्णनं त्याने छापली. त्याचा संग्रह हॅन्स स्लोनने विकत घेतला आणि तो आज लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे.

या यादीतलं एक नाव आपल्या घराजवळ येतं. पॅरिसमधल्या पेलेतिए आणि काव्हांतू या दोन औषधनिर्मात्यांनी १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याआधी दोन वर्षं, १८१८ साली, त्यांनी स्ट्रिकनिन काढलं होतं. ते ज्या बियांत भरपूर असतं त्या आपल्या काजऱ्याच्या. कोकणात हे झाड सर्रास दिसतं. गोल, चपट्या, रेशमी लव असलेल्या करड्या बिया. वैद्य त्यांना कुचला म्हणतात आणि त्या शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत.

या शुद्ध करण्याकडे जरा नीट पाहिलं पाहिजे. काजऱ्याच्या बिया गाईच्या दुधात उकळतात, साल आणि अंकुर काढून टाकतात, काही पाठांत पुढे तुपात परततात. दूध फेकून देतात. स्ट्रिकनिनचा काही भाग त्या दुधात उतरलेला असतो, आणि आजच्या प्रयोगशाळेत आधीचं आणि नंतरचं प्रमाण मोजलं तर घट दिसते. बचनागाचंही तसंच. त्याच्या मुळ्या गोमूत्रात भिजवून ठेवतात, मग उकळतात. या क्रियेत त्यातल्या ॲकोनिटीन या जहाल विषाची मोडतोड होऊन बरीच सौम्य द्रव्यं तयार होतात. ज्या वैद्यांनी हे ठरवलं त्यांच्याकडे रेणूची कल्पना नव्हती. पण कुठल्या द्रवात, किती वेळ, किती आचेवर ठेवल्यावर विष उतरतं, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. खल, मूस, कोष्ठी, पुट, पातनयंत्र ही आपल्या रसशाळेची साधनं. पारा उडवून पुन्हा थंड करून गोळा करणं हे तर सरळसरळ ऊर्ध्वपातन. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहायला घेतला, १९०२ साली त्याचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचा मुख्य आधार हे रसग्रंथच होते. आणि त्याच रायांनी बंगाल केमिकल हा औषधांचा कारखाना उभारला, हा योगायोग मी मानत नाही.

इथून मागे, गोव्याकडे जायला हवं. पोर्तुगीज इथे आले ते मिरी-लवंगांसाठी, आणि त्या काळी मसाला आणि औषध यांच्यात भिंत नव्हती. म्हणून त्यांच्या जहाजांतून औषधविक्रेतेही आले. तोमे पिरेश हा राजपुत्राचा औषधविक्रेता १५११ साली हिंदुस्थानात उतरला, औषधी द्रव्यांच्या खरेदीची जबाबदारी घेऊन. पुढे मलाक्क्यात राहून त्याने पूर्वेकडच्या देशांचं मोठं वर्णन लिहिलं, आणि १५१६च्या जानेवारीत कोचीहून आपल्या राजाला एक पत्र धाडलं. कुठलं द्रव्य नेमकं कुठे पिकतं, याची ती यादी आहे. नंतर तो पोर्तुगालचा पहिला वकील म्हणून चीनला गेला. पुड्या बांधणाऱ्या माणसाला जगाचा नकाशा इतका पाठ असू शकतो.

गार्सिया द ओर्ता हा पेशाने वैद्य, पण औषधी द्रव्यांचा व्यापारही करणारा. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणंयेणं होतं. तिथल्या हकिमांशी तो चर्चा करी. १५६३ साली गोव्यात त्याचा संवादरूपी ग्रंथ छापला गेला. त्यात रुआनो नावाचा एक पढिक पाहुणा प्राचीन ग्रंथकारांचे दाखले देत राहतो आणि ओर्ता त्याला समोरची वस्तू दाखवतो. मधूनच घरातल्या दासीला हाक मारून बागेतून फांदी मागवतो. ग्रंथापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, हा त्या पुस्तकाचा प्राण. ओर्ता मूळचा ज्यू. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लॅटिन संक्षेपातून युरोपभर पसरलं होतं.

ओर्ताच्या संवादांत इथल्या वैद्यांकडून, हकिमांकडून, बाजारातल्या माणसांकडून आलेली माहिती भरून आहे. त्यांतल्या फार थोड्यांची नावं आपल्यापर्यंत पोचली. म्हणून शंभर वर्षांनंतरची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोचीचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवला, तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाला. त्याच्या पहिल्या खंडात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्या प्रमाणपत्राबरोबर तीन कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. तारीख २० एप्रिल १६७५. लिपी नागरी. दोन वर्षं खपून, निघंटू ताडून आपण ही माहिती दिली, असं ते सांगतात. ज्यांनी झाडं ओळखून दिली त्यांची नावं, त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच लिपीत, ग्रंथाच्या सुरुवातीला. असं पुन्हा क्वचितच घडलं.

एकोणिसाव्या शतकात या सगळ्याचं केंद्र मुंबईला सरकलं. अरबस्तान, इराण, आफ्रिकेचा किनारा, सगळीकडचा औषधी माल मुंबईच्या बंदरात उतरायचा आणि तिथूनच युरोपात जायचा. जॉर्ज बर्डवुडने १८६२ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिजन्य मालाची सूची केली. ऊद म्हणून जो विसेस नावाचा डिंक जाळतात त्याची झाडं सोमालियाच्या किनाऱ्यावर नेमकी कोणती, याचा छडाही त्यानेच मुंबईत बसून लावला. बाजारात आलेल्या डिंकाच्या खड्यापासून माग काढत झाडापर्यंत जायचं, ही औषधवाल्याची रीत.

आणि मग डॉ. सखाराम अर्जुन. आज त्यांचं नाव येतं ते रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. पण १८७९ साली त्यांनी ‘मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची’ इंग्रजीत प्रसिद्ध केली. एका बाजूला बाजारात मिळणारी वाळलेली औषधं, दुसऱ्या बाजूला मुंबईत ताजी वापरली जाणारी झाडं. त्यानंतर चार वर्षांनी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. स्थापना करणारे आठ जण, त्यांत हिंदी दोघेच: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पक्षी आणि वाघ-बिबळ्यांसाठी जिचं नाव आपण घेतो त्या संस्थेच्या पायात औषधांच्या बाजाराचा अभ्यास करणारा मराठी माणूस आहे. दोन वर्षांनी, १८८५ साली, ते वारले. त्यांनी आणखी वीस वर्षं काढली असती तर आपल्याकडच्या औषधी वनस्पतींच्या अभ्यासाचं रूप निराळं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

जे काम त्यांना पुरं करता आलं नाही ते विल्यम डायमॉकने केलं. हा मुंबई सरकारच्या औषध-भांडाराचा प्रमुख. सैन्याला आणि दवाखान्यांना लागणारा माल त्याच्या हाताखालून जायचा, म्हणजे ‘हे तेच आहे का’ हा प्रश्न त्याच्या नोकरीचाच भाग होता. कलकत्त्याचा रसायनशास्त्रज्ञ वॉर्डन आणि औषधनिर्माता म्हणून शिकलेला, उटीच्या सिंकोना मळ्यांवर सरकारी रसायनतज्ज्ञ असलेला डेव्हिड हूपर यांना घेऊन त्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध केली. तीन खंड, १८९० ते १८९३, छपाई भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात. यातली कुठलीही नोंद उघडावी. आधी संस्कृत, मराठी, गुजराती, तमिळ नावं. मग इतिहास, त्यात निघंटू आणि फारसी ‘मखजन-उल-अदविया’ या दोन्हींचे दाखले. मग वर्णन, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते, रासायनिक घटक, आणि शेवटी व्यापार: माल कुठून येतो, साडेसदतीस पौंडांच्या सुरती मणाला भाव काय. एका पानावर पंडित, हकीम, रसायनशास्त्रज्ञ आणि दलाल एकत्र बसलेले. औषधाचा इतका सर्वांगीण विचार करणारं पुस्तक त्यानंतर आपल्याकडे झालं, असं मला वाटत नाही.

त्या तिघांची प्रयोगशाळेतली कामंही वाचनीय आहेत. मधुनाशिनीचं पान चावलं की साखर मातीसारखी लागते. आपल्याकडे या वेलीला कावळी किंवा बेडकीचा पाला म्हणतात. हूपरने १८८७ साली उटीला त्या पानांतून जिम्नेमिक आम्ल काढलं. वॉर्डनने वावडिंगातून नारिंगी-सोनेरी स्फटिकांचं द्रव्य मिळवलं. त्याचं गुंजेवरचं काम तर एखाद्या तपासकथेसारखं आहे. गुंज हे सोनाराचं आणि वैद्याचंही वजन. तिचं बी कुटून केलेल्या टोकदार सुया गुरांना टोचून मारण्यासाठी वापरल्या जायच्या. त्याच सुमाराला युरोपात गुंजेचा काढा डोळ्यांच्या विकारावर वापरात आला होता, आणि त्याने होणारा दाह काढ्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे होतो, असं तिथले काही संशोधक म्हणत होते. वॉर्डन आणि त्याचा सहकारी वॅडेल यांनी १८८४ साली कलकत्त्यात प्रयोग करून दाखवलं की जंतूंचा काही संबंध नाही. विष बियातच आहे आणि ते प्रथिनाच्या जातीचं आहे.

ही परंपरा पुढे मराठी माणसांच्या हातीही राहिली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे सैन्यातले डॉक्टर. त्यांनी नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. १९०९ साली बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी आणि बामनदास बसू यांनी मिळून केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ साली निघाला. कीर्तिकर आदल्या वर्षीच गेले होते.

आता पुन्हा नाशिक. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर सुरू केलं, तेव्हापासून आसवं, अरिष्टं, भस्मं वैद्याच्या घरातून कारखान्यात जाऊ लागली होती. पदेशास्त्री नाशकात वैद्य गोळा करत होते तो काळ या बदलाच्या ऐन मध्याचा. वैद्य स्वतः मुळी खणून आणणार नसेल तर ती ओळखणार कोण? त्यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ या प्रश्नाला उत्तर देऊ पाहत होता. पुढे ॲलोपॅथीच्या दवाखान्यांतही तेच घडलं. मिक्श्चर बनवणारा, बाटलीवर डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर गेला, तयार गोळ्यांची पाकिटं आली. १९४८च्या फार्मसी कायद्याने औषधविक्रेत्याला शिक्षण आणि नोंदणी दिली, त्याची खरीच गरज होती. आपण मात्र दुकानालाच ‘मेडिकल’ म्हणू लागलो. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात औषधांचे कारखाने आले आणि माल तपासण्याचं काम त्यांच्या प्रयोगशाळांत गेलं. म्हणजे ‘हे तेच आहे का’ हा प्रश्न मेडिकलवाल्याच्या हातून सुटला, पण काष्ठौषधींच्या दुकानात तो तसाच पडून आहे.

भद्रकाली, रविवार कारंजा, पंचवटी या भागांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत बाळगुटीचा संच आजही मिळतो. मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, अतिविष, ज्येष्ठमध, मायफळ, हळकुंड. सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे हे घरातली आजी ठरवते. मात्रेचं हे मराठी घरांतलं माप. बाळाच्या पोटात जाणाऱ्या या संचातलं अतिविष बचनागाच्या कुळातलं, फक्त निर्विष. महाग असल्याने त्याच्या नावाखाली दुसरंच काही मिळण्याची भीती असतेच. अशोकाची साल मागितली तर पुष्कळदा आसुपालवाची मिळते, कारण रस्त्याकडेला लावलेल्या त्या उंच झाडालाच आता लोक अशोक म्हणतात. दारुहळद म्हणून दक्षिणेतल्या वेलीचं पिवळं खोड येतं. नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या मिळतात. ब्राह्मी कुठली, यावर तर वैद्यांचंच एकमत नाही. सगळी भेसळ लबाडीची असते असं नाही. झाड दुर्मीळ झालं, नाव मात्र शिल्लक राहिलं, आणि त्या नावाखाली जवळचं दुसरं आलं, असंही होतं.

झाड दुर्मीळ होण्याची सगळ्यांत बोचरी गोष्ट नरक्याची आहे, आणि तिचा एक धागा आपल्या नाशिक विभागातून जातो. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि अमेरिकेत गेले. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं, १९७१ साली टॅक्सॉलची रचना उलगडली. कर्करोगावरच्या दोन मोठ्या औषधघराण्यांचे हे मूळपुरुष. १९७२ साली भारतातल्या रसायनशास्त्रज्ञांना कळलं की कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यातही भरपूर आहे. नरक्या म्हणजे पावसाळी जंगलातलं, घाणेरड्या वासाचं, कुणी विचारत नसलेलं झाड. त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईच्या जोसेफ निम्मोचं नाव आहे, ज्याने जॉन ग्रॅहमची १८३९ची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची पुरी केली. बातमी फुटल्यावर त्याची चोरटी तोड सुरू झाली आणि लाकडाची पोती परदेशी जाऊ लागली. रसायनशास्त्राने आत काय आहे ते सांगितलं, पण जंगलात किती झाडं उरली हे मोजणारं कुणी नव्हतं. या दोन प्रश्नांची फारकत झाली की असं होतं.

नाशिकच्या डोंगरांत अजून ओळखायचं पुष्कळ आहे. अंजनेरीवरची खरपुडीची एक जात नवी म्हणून शास्त्राला कळली ती २००६ साली. ज्या डोंगरावर हनुमानाचा जन्म झाला म्हणून हजारो लोक वर्षानुवर्षं चढतात, तिथे. आणि शहरात आरोग्य विद्यापीठ आहे, गणेशवाडीचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, फार्मसीची अनेक महाविद्यालयं आहेत. फार्मसीच्या मुलांना आजही चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिकवतात. एक रंगद्रव्य टाकलं की काष्ठमय पेशी गुलाबी दिसतात, स्टार्चचे कण आणि स्फटिक ओळखता येतात. परीक्षेपुरतं हे शिकून झालं की काचपट्ट्या पेटीत जातात आणि मुलं मेडिकल टाकायच्या तयारीला लागतात.

सखाराम अर्जुनांनी १८७९ साली मुंबईसाठी केली तशी सूची नाशिकच्या बाजाराची व्हावी, असं मला मनापासून वाटतं. फार्मसीच्या आणि आयुर्वेदाच्या मुलांनी एकत्र ती करावी. मागितलं कुठल्या नावाने, दिलं काय, माल कुठल्या गावाहून किंवा डोंगरातून आला, आणणारा कोण, भाव काय, भिंगाखाली काय दिसलं. आणि ओळखून देणाऱ्या वैदूचं, आदिवासी बाईचं, दुकानदाराचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, रंगभट आणि आपूभटांसारखं पुढच्या पानावर. सुरुवात वावडिंगापासून करावी. ते प्रत्येक काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, आणि त्या एका नावाखाली बाजारात निदान तीन निरनिराळ्या झुडपांची फळं विकली जातात.